पक्ष्यांच्या डोक्यातली रसायनं: हार्मोन हुकूम सोडतात की नुसती मुभा देतात?

पाणकावळा

पक्ष्यांच्या गाण्यावरच्या धाग्यात एकाने एका ओळीत चर्चा आटोपली: "नर गातो कारण टेस्टोस्टेरॉन वाढतं. विषय संपला." त्या धाग्यावर अवांतर नको म्हणून इथे लिहितोय. ते वाक्य अर्धं बरोबर आहे, म्हणून जास्त टोचलं.

बरोबर असलेला अर्धा भाग आधी. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने सहा कोवळ्या कोंबड्यांवर एक प्रयोग केला. काहींचे वृषण काढून टाकले, काहींचे मूळ जागेवरून सोडवून पोटात दुसरीकडे रोवले. वृषण गेलेले कोंबडे लठ्ठ आणि शांत झाले, तुरा वाढेना, आरवणं धड नाही, मारामारीत रस नाही. ज्यांच्या पोटात वृषण रुजले ते मात्र पक्के कोंबडे झाले. नंतर त्यांची पोटं उघडली तेव्हा रोवलेल्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या, जुन्या नसा मात्र जोडलेल्या नव्हत्या. म्हणजे जे काही मेंदूपर्यंत पोचत होतं ते रक्तातून. 'हार्मोन' (रक्तातून निरोप नेणारं रसायन) हा शब्द तेव्हा जन्मायचा होता; टेस्टोस्टेरॉन हे वृषणात बनणारं असंच एक.

आता पुढचा प्रश्न. वृषणाला कोण सांगतं की हंगाम आला? बहुतेक लहान पक्ष्यांचे वृषण विणीचा हंगाम सोडून इतर वेळी अगदी बारीक असतात आणि हंगामात शेकडो पटींनी वाढतात. उडणाऱ्या प्राण्याने वर्षभर ते ओझं कशाला बाळगावं? पण वाढवायचं तर वेळेत वाढवायला हवं, कारण घरटं, अंडी, पिल्लं हे सगळं अन्न मुबलक असण्याच्या दिवसांत बसवायचं असतं.

कॅनडात एडमंटनला विल्यम रोवन याने जंको पक्षी ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवले आणि संध्याकाळी दिवे लावून त्यांचा दिवस थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर कडाक्याची थंडी, तरी पक्ष्यांचे वृषण वसंतातल्यासारखे फुगले. हे १९२५ मध्ये छापून आलं. ऊब आली म्हणून नाही, दिवस मोठा झाला म्हणून.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. दिवस मोठा झाला हे पक्ष्याला कळतं कुठून? डोळ्यांनी, असं कुणीही म्हणेल. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा याने दाखवलं की आंधळ्या बदकांचे वृषणही प्रकाशाने वाढतात. पुढे अमेरिकेत मायकेल मेनेकर आणि सहकाऱ्यांनी चिमण्या घेतल्या. काहींच्या डोक्यावरची पिसं उपटली, काहींच्या टाळूच्या कातडीखाली काळी शाई टोचली. उजेड दोघींना सारखाच, आणि तोही मंद. पिसं उपटलेल्यांचे वृषण वाढले, शाईवाल्यांचे नाही. प्रकाश कवटीतून आरपार जातो आणि थेट मेंदूतल्या पेशी तो टिपतात! हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागात अशा प्रकाशग्राही पेशी आहेत, हे आता पक्कं माहीत आहे.

त्या उजेडाचं हार्मोनमध्ये रूपांतर कसं होतं हे जपानी लाव्यामध्ये उलगडलं, नागोयाच्या ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने. पहिल्याच लांब दिवशी, उजाडल्यापासून साधारण १४ तासांनी, पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीच्या देठाशी असलेल्या पेशी थायरॉइडला उद्दीपित करणारं हार्मोन बनवू लागतात. गंमत अशी की ते गळ्यातल्या थायरॉइडकडे न जाता उलटं वर हायपोथॅलॅमसकडे जातं. तिथे थायरॉइडच्या सुस्त हार्मोनचं कामाच्या हार्मोनमध्ये रूपांतर होतं, त्यातून पिट्युटरीला इशारा जातो आणि मग वृषण किंवा अंडाशय जागे होतात. टेस्टोस्टेरॉन या साखळीत शेवटून पहिलं आहे. या साखळीला ब्रेकही आहे: २००० साली काझुयोशी त्सुत्सुई यांच्या गटाला लाव्याच्याच मेंदूत असा छोटा प्रथिनतुकडा सापडला जो पिट्युटरीला गप्प करतो.

आणि टेस्टोस्टेरॉन मेंदूत परत पोचल्यावर काय करतं? नर कॅनरीच्या मेंदूतलं गाण्याचं एक केंद्र वसंतात शरद ऋतूच्या तुलनेत जवळपास दुप्पट मोठं असतं, हे फर्नांडो नोटेबोम यांनी १९८१ मध्ये दाखवलं. कॅनरीच्या मादीला टेस्टोस्टेरॉन टोचलं तर ती नरासारखी गाऊ लागते आणि तिचंही केंद्र वाढतं.

इथवर "विषय संपला" म्हणणाऱ्याची बाजू भक्कम दिसते. माझं म्हणणं एवढंच की हार्मोन वागणूक घडवत नाहीत, ती घडण्याची शक्यता वाढवतात. आणि वागणूकही उलट हार्मोन वाढवते. पुरावे प्रतिसादांत देतो, लेख आधीच लांबलाय.

खुसपट

ते वाक्य माझंच. :) लेख उत्तम, पण तुम्ही माझीच वकिली केलीत. वृषण काढले, आरवणं गेलं. परत रोवले, आरवणं आलं. मादीला टोचलं, मादी गायली. याला कारण म्हणायचं नाही तर कशाला?

रातवा

वाचनखूण साठवली आहे. ते शाईवालं वाचून थक्क झालो. म्हणजे पक्षी डोळे मिटून झोपला तरी त्याच्या मेंदूला उजेड दिसतो? मग रस्त्यावरच्या दिव्यांचं काय?

पाणकावळा

@खुसपट, साँग स्पॅरो नावाची उत्तर अमेरिकेतली चिमणी घ्या. हिचा नर विणीच्या हंगामात हद्दीसाठी भांडतो, तेव्हा टेस्टोस्टेरॉन भरपूर असतं. पण शरद ऋतूत वृषण आक्रसलेले, रक्तात टेस्टोस्टेरॉन जवळपास शून्य, तरी हा गडी भांडतोच. पिंजऱ्यात एक परका नर ठेवा, शेजारी गाण्याची टेप लावा, की हा पंख थरथरवत अंगावर येतो. जॉन विंगफील्ड यांनी अशा नरांचे वृषण काढून पाहिले. शरदातल्या मारामारीत काही फरक पडला नाही.

मग भांडणाचं इंधन कुठून? नंतर कळलं की त्या काळात रक्तात डीएचईए नावाचं एक कच्चं संप्रेरक (हार्मोन) फिरत असतं. ते स्वतः फारसं काही करत नाही. मेंदू ते उचलतो आणि जागच्या जागी त्यातून पुढची संप्रेरकं, अगदी माद्यांचं समजल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनपर्यंत, तयार करू शकतो. इस्ट्रोजेन तयार होणं औषधाने अडवलं की हिवाळ्यातले हे भांडखोर नर थंडावतात, आणि इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा पेटतात. हो, इस्ट्रोजेन. नरांच्या मारामारीत.

रक्तात किती हार्मोन आहे यावरून वागणूक ओळखायला जाणं म्हणजे आकाशवाणीचा मनोरा किती उंच आहे यावरून कोणत्या घरात बातम्या चालू आहेत ते सांगणं. घरात रेडिओ हवा, तो चालू हवा, त्या केंद्रावर लावलेला हवा. मेंदूच्या कोणत्या भागात त्या हार्मोनचे ग्राही (पेशीतले हार्मोन पकडणारे रेणू) किती आहेत, यावर सगळं ठरतं.

कोंबडीवाली

धागा आवडला. टेस्टोस्टेरॉनवरच गाडी अडकू नये म्हणून आमच्या खुडूक कोंबडीची बाजू मांडते.

कोंबडी खुडूक बसली की तिचा अवतार पाहण्यासारखा असतो. पिसं फुलवून खुराड्यात चिकटून बसते, हात घातला की घशातून खर्जात गुरगुरते आणि टोचते. खाणं-पिणं दिवसातून एकदा उरकते, अंडी घालणं बंद. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि तिथे रक्त खेळतं, हात लावला तर चटका वाटावा इतकी गरम. या सगळ्यामागे मुख्यतः प्रोलॅक्टिन हे हार्मोन. पिट्युटरी ते सोडते आणि पक्ष्यांत तिला ते सोडायला लावतो हायपोथॅलॅमसमधला व्हीआयपी नावाचा एक रेणू. (नाव खरंच तेच आहे, विनोद नाही.) टर्की माद्यांना या व्हीआयपीविरुद्ध लस टोचून पाहिली तर खुडूक बसणं घटलं.

पण पाणकावळा म्हणतात तेच इथेही दिसतं. प्रोलॅक्टिनमुळे ती बसते, आणि बसल्यामुळे, उघड्या कातडीला अंडी लागत राहिल्यामुळे, प्रोलॅक्टिन चढं राहतं. म्हणून खुडूक मोडायची तर औषध लागत नाही. घरटं काढून घ्यायचं, तळाला जाळी असलेल्या उजेडाच्या पिंजऱ्यात ठेवायचं, पोटाला वारा लागू द्यायचा. अंड्यांचा स्पर्श आणि ऊब गेली की प्रोलॅक्टिन झपाट्याने उतरतं. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जाती तर पिढ्यान्‌पिढ्या निवडून अशा केल्यात की त्या सहसा खुडूक बसतच नाहीत.

अर्धा_मास्तर

आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. कोंबडीवाली ताईंनी जे लिहिलं त्याचा पाया डॅनियल लेरमन यांनी होल्यांवर घातला, १९५० आणि ६०च्या दशकांत.

होल्याची मादी एकटी ठेवली तर अंडी घालत नाही. नर आणि तिच्यामध्ये नुसती काच ठेवली, नर पलीकडून मान लववून घुमतोय आणि ती बघतेय, तरी तिचं अंडाशय वाढू लागतं. काचेपलीकडे वृषण काढलेला नर ठेवला तर तो घुमत नाही, आणि तिच्यातही फरक पडत नाही. एका पक्ष्याच्या हार्मोनने त्याचं वागणं बदललं, त्या वागण्याने दुसऱ्या पक्ष्याचे हार्मोन बदलले.

पुढे मेई-फांग चेंग यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. नराच्या घुमण्याला उत्तर म्हणून मादी घरट्यात स्वतः घुमते. माद्यांना मुकं केलं तर नर समोर असूनही त्यांचं अंडाशय नीट वाढेना. त्यांना त्यांच्याच घुमण्याची टेप ऐकवली तर वाढ परत सुरू. म्हणजे नर तिला घुमायला लावतो, आणि ती स्वतःचा आवाज ऐकून अंडी धरते. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की वर्ग हमखास शांत व्हायचा, एरवी होत नसे.

जाता जाता: प्रोलॅक्टिन हे नाव १९३०च्या दशकात ऑस्कर रिडल यांनी दिलं, आणि त्याची चाचणी होती कबुतराच्या गळ्यातली पिशवी फुगते का ही. कबुतरं आणि होले पिल्लांना त्या पिशवीत तयार होणारं 'दूध' भरवतात. नर आणि मादी दोघंही.

तिरकस

नरही दूध पाजतो? हा परिच्छेद घरी कुणाला दाखवणार नाही. प्रोलॅक्टिनच्या सुया निघायच्या.

खुसपट

होल्याचं उदाहरण पटलं, मान्य. पण त्यातही शेवटी हार्मोनच आहेत ना? फक्त वाट लांबची. हार्मोन सारखे आणि वागणं वेगळं असं काही दाखवा, मग बोलू.

पाणकावळा

दाखवतो. २००३ मध्ये एका झेब्रा फिंचचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा पक्षी जन्मजात अर्धा-अर्धा होता: उजवी बाजू नराची, डावी मादीची. पिसांचा रंग मधोमध दुभंगलेला, उजवीकडे वृषण, डावीकडे अंडाशय. झेब्रा फिंचमध्ये गातो फक्त नर, आणि हा नरासारखा गायला, मादीपुढे नाचलाही. आता बघा, रक्त दोन्ही बाजूंना एकच, म्हणजे हार्मोन एकच. सगळं काम हार्मोन करत असते तर मेंदूच्या दोन्ही बाजू सारख्याच वाढायला हव्या होत्या. पण गाण्याचं केंद्र उजवीकडे ठळकपणे मोठं निघालं. पेशीत नराची गुणसूत्रं आहेत की मादीची, याने स्वतंत्र फरक पडला. डावीकडचं केंद्रही साध्या मादीपेक्षा मोठंच होतं, त्यामुळे हार्मोनचा वाटा शून्य असंही म्हणता येत नाही.

मनोली

थव्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. आपल्याकडे सस्तन प्राण्यांच्या ऑक्सिटोसिन या हार्मोनचं फार कौतुक होतं. पक्ष्यांत त्याचा भाऊ आहे मेसोटोसिन. जेम्स गुडसन यांच्या गटाने २००९ मध्ये फिंचच्या एकाच कुळातल्या पाच जाती तपासल्या. काही मोठ्या थव्यात राहणाऱ्या (झेब्रा फिंच आणि ठिपकेवाली मनोली, म्हणून माझं नाव!), काही जोडीने राहून हद्द राखणाऱ्या. मेंदूच्या सेप्टम नावाच्या भागात या रेणूच्या ग्राहींची मांडणी थवेवाल्या आणि हद्दवाल्या जातींत वेगवेगळी निघाली. झेब्रा फिंचच्या माद्यांमध्ये ते ग्राही अडवले की त्या मोठ्या घोळक्याजवळ बसायच्या कमी झाल्या. मेसोटोसिन दिलं की जास्त.

यावरून कुणी "प्रेमाचं हार्मोन" वगैरे म्हणू लागलं तर मी धागा सोडून जाईन.

रातवा

माझा दिव्यांचा प्रश्न राहिला हो.

पाणकावळा

राहिला खरा. युरोपातल्या ब्लॅकबर्डवर २०१३ मध्ये झालेला प्रयोग आहे. नरांच्या एका गटाला रात्रभर फक्त ०.३ लक्स उजेड दिला. हा उजेड रस्त्यावरच्या दिव्याखाली असतो त्याच्या मानाने नगण्यच. काळोखात रात्र काढणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे वृषण जवळपास महिनाभर आधी वाढले, आणि पिसं झडणंही आधी सुरू झालं. शहरातले पक्षी लवकर गाऊ लागतात त्यामागे हेही एक कारण आहे. अळ्या-किडे त्याच वेळी मिळाले तर ठीक, नाही तर पिल्लांची उपासमार.

अर्धा_मास्तर

यात दुसरीही बाजू बघा. लांब दिवसाने हंगाम सुरू होतो, पण दिवस लांब असतानाच तो बंदही होतो. अनेक पक्ष्यांचे वृषण भर उन्हाळ्यात, दिवस अजून मोठे असताना आक्रसतात, आणि मग कितीही उजेड दाखवा, ढिम्म. काही आठवडे छोटे दिवस भोगल्याशिवाय यंत्रणा पुन्हा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे पिल्लं थंडीच्या तोंडावर जन्मत नाहीत.

काजळमाया

कमळपक्ष्यांत मादी मोठी, मादीच भांडते, अंडी नर उबवतो. मग तिथे मादीत टेस्टोस्टेरॉन जास्त असेल ना?

पाणकावळा

स्वाभाविक तर्क, पण नाही. असाच प्रकार आफ्रिकेतल्या काळ्या भारद्वाजात आहे. मादी एकाहून जास्त नर ठेवते आणि हद्दीसाठी घुमते, नर अंडी उबवतो. तिच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नरापेक्षा जास्त नसतं. पण आक्रमकतेशी संबंधित मेंदूच्या एका छोट्या भागात त्याचे ग्राही मादीत नरापेक्षा जास्त तयार होतात. मनोऱ्याची उंची तीच, रेडिओ जास्त.

याच धर्तीवर पांढऱ्या गळ्याची एक अमेरिकन चिमणी. तिच्यात नर-मादी दोहोंत दोन रूपं: डोक्यावर पांढरे पट्टे किंवा तपकिरी पट्टे. पांढरे पट्टेवाले जास्त भांडतात आणि जास्त गातात, तपकिरीवाले पिल्लांकडे जास्त लक्ष देतात, आणि जोड्या जवळजवळ नेहमी एक पांढरा-एक तपकिरी अशा लागतात. फरकाचं मूळ एका गुणसूत्राच्या उलट्या फिरलेल्या तुकड्यात. त्या तुकड्यात इस्ट्रोजेनच्या एका ग्राहीचं जनुक बसलंय. २०२० मध्ये दाखवलं गेलं की मेंदूच्या त्याच छोट्या भागात या ग्राहीची निर्मिती कमी केली की पांढरे पट्टेवाले पक्षी तपकिरीवाल्यांइतपतच भांडतात.

खुसपट

हे आवडलं. तरी एक शंका. टेस्टोस्टेरॉनने एवढा फायदा होत असेल तर उत्क्रांतीत सगळे नर ते वर्षभर चढंच का ठेवत नाहीत?

पाणकावळा

कारण त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजून पाहिलेली आहे. एलन केटरसन आणि व्हॅल नोलन यांनी व्हर्जिनियात जंको नरांच्या कातडीखाली टेस्टोस्टेरॉनची बारीक नळी बसवून त्यांना मोकळं सोडलं. ते नर जास्त गायले, लांबवर भटकले, शेजारणींकडूनही पिल्लं मिळवली. पण स्वतःच्या घरट्यातल्या पिल्लांना कमी भरवलं आणि स्वतः जगलेही कमी. म्हणून जोडीने पिल्लं वाढवणाऱ्या जातींत नराचं टेस्टोस्टेरॉन हद्दीच्या भांडणात चढतं आणि पिल्लं भरवायच्या वेळी उतरतं. अनेक माद्या गोळा करणारे आणि पिल्लांकडे ढुंकूनही न बघणारे नर ते बराच काळ चढं ठेवतात. विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेलं हे गृहीतक पुढे सगळ्याच जातींना जसंच्या तसं लागू पडलं नाही. उष्ण कटिबंधातले अनेक पक्षी अत्यल्प टेस्टोस्टेरॉनवर वर्षभर हद्द राखतात.

कोंबडीवाली

अंड्याचं विसरू नका. १९९३ मध्ये हुबर्ट श्वाबल यांनी दाखवलं की कॅनरीची मादी बलकात टेस्टोस्टेरॉन घालते, आणि नंतरच्या अंड्यांत जास्त. उशिरा फुटणाऱ्या पिल्लाला भावंडांशी झगडायला आईची तेवढीच शिदोरी. गाय बगळ्यात नेमकं उलटं, आधीच्या अंड्यांत जास्त. तिथे धाकटं पिल्लू अनेकदा थोरल्यांच्या चोचीखाली मरतं.

तिरकस

अवांतर: मोराचा पिसारा तरी टेस्टोस्टेरॉनचाच ना? की तोही गेला?

अर्धा_मास्तर

तोही गेला. मोर-कोंबड्यांच्या कुळात भडक पिसारा हीच मूळ स्थिती, आणि लांडोरीला साधं ठेवतं तिचं इस्ट्रोजेन. अंडाशय निकामी झालेली म्हातारी लांडोर पुढच्या पिसं झडण्यानंतर मोरासारखी पिसं धरू लागते. वृषण काढलेला नर पिसारा गमावत नाही.

खुसपट

ठीक. शेवटचा प्रश्न. कॅनरीच्या मादीला टोचलं की ती गाते म्हणालात. म्हणजे एरवी माद्या गात नाहीत, एवढं तरी धरून चालू ना?

पाणकावळा

तेही नाही. २०१४ मध्ये जगभरच्या गाणाऱ्या पक्ष्यांचा आढावा घेतला गेला. मादीच्या गाण्याबद्दल माहिती उपलब्ध असलेल्या जातींपैकी ७१ टक्क्यांत माद्या गात होत्या, आणि वंशवृक्षावर मागे जाऊन पाहिलं तर मूळ पूर्वजातही दोघं गात असावेत असं निघालं. अभ्यासक बराच काळ युरोप-उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांवर विसंबून होते, आणि तिथे मादीचं गाणं तुलनेने कमी. त्यात नोंद करताना गाणारा दिसला की सरळ 'नर' लिहायची सवय. इथे आवाज रेकॉर्ड करणारे बरेच जण आहेत, त्यांना विनंती: ज्या जातीत नर-मादी सारखे दिसतात तिथे पक्षी हातात घेऊन किंवा इतर खात्रीच्या खुणेने लिंग ठरलेलं नसेल, तर नोंदीत 'लिंग अज्ञात' लिहा.